कोपऱ्यातल्या खिडकीतला ठिपका

१

शेवग्याचा पाला निवडता निवडताच रोवेना कामाला बसायची. मांडीवर सूप, समोर लॅपटॉप. एक हात देठं काढतोय, दुसरा कळा दाबतोय. सासूबाईंना ती नानांग म्हणायची. त्या रोज बोलायच्या, "एक दिवस पाला त्या यंत्रात घालशील आणि देठं कालवणात." रोवेना नुसती हसायची. लावाग शहराच्या कडेला त्यांचं खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, बाहेरून लहानसा जिना, खाली कोंबड्यांचा संसार. नवरा देल्फिन मालवाहू जहाजावर. तो सुखरूप परतावा म्हणून तिने शुक्रवार धरले होते. त्या दिवशी मासमच्छी नाही, फक्त हिरव्या मुगाचं कालवण आणि भात, आणि संध्याकाळी चर्चमध्ये एक मेणबत्ती. बाकीच्या दिवशी ती लोकांच्या वेबसाइटी बनवायची. कुणाची बेकरी, कुणाची शाळा.

या वेळचं काम बालासीच्या समुद्राकाठच्या एका पाहुणेघराचं होतं. तिथले फोटो काढायला म्हणून रोवेना आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, अरासेलीला, घेऊन गेली होती आणि दोघी वरच्या मजल्यावर राहून आल्या होत्या. कोंबड्यांना दाणे कोण घालणार म्हणून नानांग घरीच थांबल्या होत्या.

पाहुणेघराची मालकीण बासिल्या. तिची एकच हौस. वेबसाइटच्या पानावर घराचं चित्र हवं, चित्रात सगळ्या खिडक्या हव्यात, आणि ज्या खोलीत पाहुणे असतील त्या खिडकीत ठिपके दिसायला हवेत. मोठ्या माणसाचा मोठा ठिपका, लेकराचा बारीक. "हवाई बेटांवर जाऊन बसलेल्या माझ्या भावाला कळू दे," ती म्हणाली होती, "की मी घर ओसाड पडू दिलेलं नाही."

हे चित्र बासिल्याच्याच संगणकावर राहायचं. पाहुणे आले-गेले की ती तिथे ठिपके भरायची आणि पुसायची. रोवेनाच्या पानावर होती ती फक्त एक रिकामी चौकट. पान उघडलं की चौकट बालासीहून चित्राचा तुकडा मागवायची आणि आपल्या पोटात बसवून घ्यायची. बाहेरचा एचटीएमएलचा तुकडा आपल्या पानात आणून बसवणं हे रोवेनाच्या धंद्यात भाकरी थापण्याइतकं रोजचं.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिने पान उघडून पाहिलं. हंगाम सरला होता. सगळ्या खिडक्या रिकाम्या. फक्त वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खिडकीत, एक बारीक ठिपका.

मोठा एकही नाही. एकटं लेकरू कोण ठेवून गेलं बाई, असं मनात येऊन रोवेना थबकली. मग तिच्या लक्षात आलं की कोपऱ्यातली ती खोली त्यांचीच होती.

२

तिने बासिल्याला फोन लावला. वयाने मोठ्या बाईला तिकडे मानांग म्हणतात.

"मानांग, आमच्या खोलीतला ठिपका पुसायचा राहिलाय तुमचा."

"राहिलाय? अगं, तुमची रिक्षा वळणावर जायच्या आत पुसला. तुझा मोठा, पोरीचा बारीक, दोन्ही. मी विसरभोळी आहे ती फक्त नवऱ्याच्या बाबतीत."

"मग आता तिथे कोण उतरलंय?"

"ढेकूण असतील तर ते. गादी गुंडाळून ठेवलीय, दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. का गं?"

"काही नाही. माझ्याकडेच जुनं चित्र अडकून पडलं असेल."

असं होतं कधी कधी. यंत्र एकदा पाहिलेलं साठवून ठेवतं आणि पुन्हा तेच शिळं पुढे करतं. रोवेनाने साठलेलं सगळं पुसलं, पान पुन्हा उघडलं. ठिपका होता. फोनवर उघडलं. तिथेही होता.

मग तिने आपलं पान बाजूला ठेवलं आणि बालासीचा तो तुकडा त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर जाऊन एकटाच उघडला. सगळ्या खिडक्या रिकाम्या. कोपऱ्यातलीसुद्धा. तिने आपल्या पानाचा कोड वरपासून खालपर्यंत, तांदळातले खडे पाहावेत तसा पाहिला. त्यात तर ठिपक्याचं नावनिशाण नव्हतं. पुन्हा दोन्ही जोडले, आणि ठिपका आला.

तिकडे नाही, इकडे नाही. फक्त दोन्ही जिथे जुळतात तिथे आहे. रोवेनाला भीती नाही वाटली, मौज वाटली. असलं कोडं पडलं की तिची तहानभूक हरपायची.

एकच गोष्ट मनाला टोचत होती. बाहेरून आलेल्या तुकड्याबरोबर काय काय येईल याचा नेम नसतो. एकदा आपल्या पानात शिरला की तो घरचाच असल्यासारखा वावरतो, फडताळं उघडतो, झाकणं काढून बघतो. म्हणून रोवेना बाहेरचं सगळं आधी चाळून घ्यायची. ओळखीचं तेवढं आत, बाकीचं दाराबाहेर. या वेळी ती चाळणी लावायची राहिली होती. बासिल्याला गावच्या जत्रेआधी पान हवं होतं, म्हणून परतीच्या वाटेवर रिक्षात बसल्या बसल्याच रोवेनाने चौकट जोडून टाकली होती, कच्चीच.

आता तिने चाळणी लावली. नीट, घट्ट विणीची.

ठिपका चाळणीतून सरळ आत आला. चाळणीने त्याला ओळखीचा मानला होता.

३

"सेली, जेवायला चल."

अरासेली खिडकीपाशी बसली होती. तिने मान वळवली, पण जरा उशिराने. हाक लांबून, कुठल्या तरी टेकडीला वळसा घालून तिच्यापर्यंत पोचावी तशी.

बालासीहून आल्यापासून हे असंच चाललं होतं. ताप नाही, खोकला नाही. वाढलं की जेवायची, झोपवलं की झोपायची. पण ही पोर म्हणजे प्रश्नांची टोपली. कोंबडी अंडं देताना का ओरडते, बाबाचं जहाज रात्री दिवा विझवतं का, देवाची आई कुठल्या गावची. आता एक प्रश्न नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, काही दोष नाही, दमली असेल. रोवेनाला ते पटलं नाही. दमलेलं लेकरू चिडतं, रडतं. हे लेकरू कोणी तरी सांगून ठेवल्यासारखं शहाणं वागत होतं.

एका सकाळी तिने ठरवलं, चौकटच काढून टाकायची. बासिल्याला सांगता येईल, यंत्र बिघडलं. तिने चौकट पुसली. पान स्वच्छ झालं. ती उठून चहा करायला गेली.

"रोवेना," आतून नानांगचा आवाज आला. "पोरगी उठत का नाही बघ."

सेलीचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता, हात कोमट होता. पण हाक मारली, गाल थापटले, पाणी लावलं, तरी पापणीसुद्धा लवेना. रोवेना तशीच धावत लॅपटॉपपाशी आली. का आली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने चौकट परत बसवली. खिडक्या उमटल्या, कोपऱ्यातला ठिपका उमटला.

आतून सेली, जरा उशिराने, आजीला म्हणाली, "लिलांग, पाणी कशाला शिंपडताय?"

योगायोग, रोवेना स्वतःशी म्हणाली. झोप गाढ लागली असेल. पण पुन्हा करून बघायचं धाडस तिला झालं नाही. एवढं कळलं की त्या चौकटीला आता हात लावायचा नाही.

४

दुपारी पिनाकबेतच्या मिसळ भाजीसाठी वांगी चिरताना तिने नानांगना सगळं सांगितलं. त्यांना चौकट-बिवकट काही कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बालासीहून निघताना पोरीला हाक मारलीस?"

रोवेनाची सुरी थांबली.

नदीवर जा, लग्नाला जा, कुणाच्या घरी रात्र काढा. निघताना आपलं आणि लेकरांचं नाव घेऊन म्हणायचं असतं, चल, मागे राहू नकोस. तिकडे हे सगळेच करतात, दाराची कडी लावावी इतक्या सहज. शरीर उठून निघतं, पण आतलं माणूस खेळात रमलेलं असतं. त्याला सांगावं लागतं.

"रिक्षावाला घाई करत होता," रोवेना म्हणाली. "आणि मी ते जोडत बसले होते."

"रिक्षावाला काय पोरीचा बाप आहे?"

"नानांग, तुम्ही पण."

"मी काय पण? शिकलीस, यंत्र चालवतेस, मला कौतुक आहे. पण तिथून काय आणलंस ते बघ. घराचं चित्र आणलंस आणि पोर ठेवून आलीस."

रोवेनाला यावर हसूही आलं नाही आणि रागही. ती उठून लॅपटॉपपाशी गेली, कारण मनात एक गणित जुळायला लागलं होतं आणि ते तपासून बघितल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं.

कोपऱ्यातल्या खिडकीत दोन ठिपके होते. दोन्ही बारीक, एकमेकांना खेटून.

त्याच वेळी मागच्या खोलीत सेली हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खळखळून, कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखी. रोवेनाने डोकावून पाहिलं तर पोर चटईवर एकटीच, भिंतीकडे तोंड करून.

दारात नानांग उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "तिला तिकडे सोबत मिळालीय," त्या हलकेच म्हणाल्या. "करमायला लागलं की मग हाक ऐकू येत नाही. तू उद्याच जा. तिचा अंगातला फ्रॉक घे, न धुतलेला. दारात उभी राहा, नाव घेऊन बोलाव. तिचंच नाव. चल, मागे राहू नकोस, म्हण. त्यापलीकडे एक अक्षर बोलू नकोस."

५

बासिल्या अंगणात मासे वाळत घालत होती. रोवेनाच्या हातातला फ्रॉक तिने पाहिला आणि मासळीचे हात खांद्यावरच्या फडक्याला पुसत ती उठली. कमरेची किल्ली काढता काढता एवढंच म्हणाली, "तू तर आपल्याच भागातली. तू कशी विसरलीस?"

"विसरले, मानांग."

"मनिलाचे पाहुणे तर हाका मारतच नाहीत. सामान मोजतात, पोरं मोजतात, निघतात. वर्षानुवर्षं बघतेय मी. चल, कुलूप काढून देते. पण जिना मी चढणार नाही, माझे गुडघे दुखतात."

गुडघे मासे वाळत घालताना दुखत नव्हते. शेवटी कुलूपही तिलाच काढावं लागलं. बासिल्याने किल्ली खालच्या पायरीवरूनच तिच्या हातात दिली.

टळटळीत दुपार होती. कोपऱ्यातल्या खोलीच्या शिंपल्यांच्या तावदानांतून दुधासारखा उजेड जमिनीच्या फळ्यांवर पडला होता. खोली रिकामी. एका कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली गादी. समुद्राचा आवाज आत येत होता, पण दाराशी येऊन थांबल्यासारखा. खोलीत मेणाचा आणि उन्हात तापलेल्या लाकडाचा वास होता, आणि त्याखाली अगदी पुसट, ओल्या केसांचा.

रोवेनाने उंबऱ्यात उभं राहून फोन काढला. भीतीपेक्षा तिला बघायचं जास्त होतं. तिने पान उघडलं.

कोपऱ्यातल्या खिडकीत आता एक मोठा ठिपका होता.

तो कोणी भरला नव्हता. बासिल्या खाली अंगणात होती. मोठा ठिपका खिडकीच्या कडेला, म्हणजे दाराशी. म्हणजे ती स्वतः. आणि त्याला अगदी चिकटून एक बारीक ठिपका. रोवेनाने आपल्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, हवेत पाहिलं. काही दिसलं नाही. पण तिथली हवा ओळखीची होती. सेली झोपेतून उठून कुशीत शिरते तेव्हाची.

दुसरा बारीक ठिपका लांब होता, समोरच्या कोपऱ्यात. तिने फोनवरून नजर उचलली. समोरच्या कोपऱ्यात गादी होती.

गादीच्या मागे एक टाच होती. उघडी, लहान, वाळूने माखलेली. रोवेनाने पाहताच टाच गादीमागे ओढली गेली.

६

"अरासेली," ती म्हणाली. "अरासेली, चल. मागे राहू नकोस."

हातावरचा फ्रॉक किंचित जड झाला. पाण्यातून काढल्यासारखा नाही. झोपलेल्या लेकराने मान टाकावी तसा.

तिने दार लावलं नाही, मागे वळून पाहिलं नाही. जिन्याला लागली. नानांगनी सांगितलं होतं तेवढंच बोलली होती, आणि मिळायचं ते मिळालं होतं. आता खाली उतरायचं, बस धरायची.

अर्ध्या जिन्यात तिला ते ऐकू आलं. वर, जिन्याच्या तोंडाशी, कोणीतरी नाक ओढलं. मोठ्याने रडायची चोरी असलेलं लेकरू ओढतं तसं. रडलं तर येतील तेही येणार नाहीत, अशा बेताने.

रोवेना कठड्याला धरून उभी राहिली. नाव माहीत नाही. कुणाचं, कधीचं, माहीत नाही. बाहेरचं चाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हे तिने इतरांना किती वेळा बजावलं होतं. पण तिने देवापुढे गुडघे टेकून नवऱ्यासाठी शुक्रवार धरले होते. कुठल्या तरी परक्या बंदरात कोणीतरी त्याला हाक मारावी, अडल्या वेळी दार उघडावं, एवढंच तर त्यात मागणं होतं. तेच तोंड घेऊन इथून कसं उतरायचं?

"तूही चल," ती मागे न बघता म्हणाली. मग नाव नसल्यामुळे ते अर्धवट वाटलं, म्हणून पुढे म्हणाली, "जे कोणी असाल ते चला. मागे राहू नका."

वर नाक ओढणं थांबलं. सगळं घर थांबलं. मग एकेक करत, वरच्या मजल्यावरच्या कुलूप लावलेल्या खोल्यांतून, फळ्या करकरायला लागल्या.

७

फ्रॉक अंगावर चढवताच सेलीने आळस दिला. "आई, बसमध्ये तू रडत का होतीस? आणि त्या बाईचे मासे उन्हात जळत नाहीत का? आणि मला भूक लागलीय, मूग नको."

नानांगनी कपाळावर, छातीवर क्रूस काढला आणि चुलीकडे वळून डोळे पुसले. "आज शुक्रवार नाही बये. मासे तळते."

दूर चर्चची संध्याकाळची घंटा झाली. ताटं मांडून होईपर्यंत रोवेना लॅपटॉपपाशी बसली. आता चौकट काढायला हरकत नव्हती. एकदा शेवटचं बघावं, म्हणून तिने पान उघडलं.

चौकटीत घर होतं, पण बालासीचं नव्हतं. खांबांवर उभं, बाहेरून लहानसा जिना. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन मोठे ठिपके आणि दोन बारीक.

ती उठली, मांडणीवरून आणखी एक ताट काढलं आणि सेलीच्या शेजारी ठेवलं. नानांगनी ताटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यात भात वाढला.

"सेली," रोवेना शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "याला नाव विचार. नाव कळलं की याच्या आईची राहिलेली हाक मी मारीन. मग याला कुठे जायचं तिथे जाता येईल."

सेलीने रिकाम्या जागेकडे कान केला. बराच वेळ मान हलवत ऐकलं.

"तो म्हणतो, आधी दाराला कडी लाव. तू नाव न घेता बोलावलंस ना, म्हणून सगळेच निघाले. त्यातले काही कुणाचीच पोरं नाहीत, असं म्हणतो."

रोवेनाने पडद्याकडे पाहिलं. चित्रातल्या घराच्या बाहेर, चौकटीच्या कडेपासून जिन्यापर्यंत, ठिपक्यांची रांग लागली होती. बरेचसे बारीक. मध्ये काही असे, की मोठे म्हणावेत की बारीक ते ठरत नव्हतं. खाली कोंबड्या एकदम गप्प झाल्या होत्या.

नानांगनी जपमाळ हातात घेतली. रोवेना दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. लावली तर आतली चौघं सुरक्षित होती. आणि बाहेर, इतक्या वर्षांनी हाक ऐकून, एवढी वाट चालून आलेली ती सगळी पुन्हा अंधारात राहणार होती. तिने मागे वळून पाहिलं. सेली शेजारच्या ताटातला भात कालवून देत होती.

तिने कडी अर्धी सरकवली. दार बोटभर उघडं ठेवलं, फटीला पाय अडवला.

"एकेकाने या," ती म्हणाली. आवाज घरात पाहुण्याशी बोलावं तसाच होता. "नाव सांगा आणि या. ज्याला नाव सांगता येणार नाही, त्याने जिन्याखालीच थांबायचं."

बाहेर काही हललं नाही. मग खालची पायरी वाजली, आणि फटीच्या अगदी जवळून, गुडघ्याच्या उंचीवरून, कोणीतरी घसा साफ केला आणि आपलं नाव सांगायला सुरुवात केली.